आईचं ‘होल्ड’

आमच्या घरात इंग्रजी बोलणारं एकच माणूस होतं, आणि तेही फक्त फोनवर. मखमलाबादला आमचा मळा. घरात सगळे फुलवाले. आजोबांचं आयुष्य झेंडूत गेलं, वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गुलाब आणि शेवंतीत, आणि या सगळ्या फुलवाल्यांत माझी आई रोज सकाळी केसांचा घट्ट अंबाडा घालून, पदर पिनेने टाचून, कंपनीच्या बससाठी नाक्यावर उभी राहायची. सातपूरच्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिला इंग्रजी येत होतं असं म्हणणं जरा धाडसाचं होईल, कारण शिक्षण दहावीपर्यंतचं. पण बोर्डावर बसून लागेल तेवढं तिने कमावलं होतं, आणि त्या कमाईत मुख्य म्हणजे एक क्रियापद होतं, होल्ड. मोठ्या साहेबांना ‘होल्ड, सर’. मुंबईच्या पार्टीला ‘होल्ड करा हं, देते’. आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘होल्ड, प्लीज’, हे अगदी मऊ. आणि ज्याला साहेब भेटणारच नसायचे त्याला नुसतंच लांबवलेलं ‘होऽल्ड’. शाळेला सुट्टी असली की कधीतरी ती मला बरोबर न्यायची. कानाला हेडफोन, समोर बटणांचा बोर्ड, त्यावर लाल दिवे लुकलुकतायत, आणि आई एका हाताने बटणं दाबत दुसऱ्या हाताने मला डब्यातली पोळी-भाजी खाण्याची खूण करतेय. मला तेव्हा खरंच वाटायचं की ही एवढी मोठी कंपनी माझ्या आईच्या एका शब्दावर चालते.

आवाज मात्र असा होता की ऐकणाऱ्याने कामच विसरावं. फोनवर बोलून बोलून ओळखीची झालेली माणसं कंपनीत आली की रिसेप्शनमध्ये विचारायची, ‘त्या फोनवरच्या मॅडम कुठे बसतात?’ आणि समोर बुटकीशी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली मळ्यातली बाई बघून बिचकायची. ही गोष्ट आई घरी रंगवून सांगायची आणि अण्णा दरवेळी नवीन असल्यासारखे हसायचे. घरातही तोच शब्द चालायचा. चहासाठी घाई करणाऱ्या अण्णांना होल्ड, वेणीवरून भांडणाऱ्या ताईला आणि मला होल्ड. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज घरच्यांना कुठे ऐकू येतो?

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर घरात नेहमीसारखा झेंडूचा ढीग पडला होता. ओटीवर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे तो उग्र, ओला वास, आणि आम्ही सगळे तोरणं ओवत बसलेलो. ताईचं लग्न होऊन ती निफाडला गेली होती, त्यामुळे एक हात कमीच होता. आई कंपनीतून आली, चहाही न घेता सुई-दोरा घेऊन बसली. थोड्या वेळाने तिच्या हातातून सुई पडली. तिने उचलली, पुन्हा पडली. मग ती आपल्या उजव्या हाताकडे असं बघत राहिली की हा कोणाचा हात माझ्या मांडीवर ठेवलाय. मी म्हटलं, ‘काय गं?’ तिने तोंड उघडलं. तोंडातून काहीच आलं नाही. अण्णांनी शेजाऱ्यांची जीप आणली आणि झेंडूच्या पाट्या लाथेने बाजूला सारत आईला उचलून नेलं. फुलांना पाय लागला तर कपाळाला हात लावणारे आमचे अण्णा.

दवाखान्यात बरेच दिवस ती गप्पच होती. उजवी बाजू लुळी पडलेली, तोंड जरासं वाकडं, डोळे मात्र सगळीकडे फिरायचे. ताईच्या सासूबाई निफाडहून येऊन गेल्या, उशाशी नारळ ठेवून, डोळ्यांना पदर लावून गेल्या. मग एका दुपारी नर्स सलाइनची सुई बदलायला आली आणि आई खणखणीत म्हणाली, ‘होल्ड.’ नर्स दचकून जागच्या जागी थांबली. अण्णांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. आम्ही हसलो, रडलो, वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून आलो. आम्हाला वाटलं, नळ आला, जरा खरखरतोय, आता धार लागेल. धार लागली नाही. पाणी पाहिजे का, तर होल्ड. दुखतंय का, तर होल्ड. अण्णांचं नाव काय, तर होल्ड. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली आहे, आणि अशा माणसाजवळ कधीकधी एखादाच शब्द उरतो, आयुष्यभर जिभेवर घोळलेला. अण्णांनी विचारलं, ‘पण डॉक्टर, तिला कळतं ना सगळं?’ डॉक्टर भला माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, ‘किती कळतं ते आज नाही सांगता येणार.’

तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला आणि मुक्कामाला राहिला. घर सांभाळायला आत्या आली, अण्णांची थोरली बहीण. कामाला वाघ, मनाने चांगली, पण तोंड असं की गल्लीला कळावं. तिने पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला. ‘वहिनीला काय कळत नाय रे, भाऊ. पोपटाला नाय का, इठू इठू म्हनतो? त्याला काय इठोबा कळतो व्हय?’ हे ती आईच्या समोरच म्हणाली. आई ताटातले वाटाणे डाव्या हाताने सोलत होती. तिने एकदा आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘होल्ड.’ आत्या म्हणाली, ‘बघ!’ मला इतका राग आला की मी वाटाण्याचं ताट उचलून आत गेले. आईजवळच्या तिवईवरचा फोनही आत्याने उचलून कपाटावर ठेवला, बिचारीला उगाच त्रास नको म्हणून.  अण्णांनाही ती रिंग वाजली की आईकडे बघवत नसे.

मी तेव्हा अकरावीला होते आणि इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश माझ्याकडे होता. त्यात मी होल्ड काढला. वाटलं होतं, दोन ओळी असतील, धरणे आणि थांबणे. पान उलटलं तरी तो शब्द संपेना. धरणे, पकडणे, पेलणे, राखणे. ताब्यात ठेवणे. श्वास रोखणे. भांड्यात मावणे. हवा टिकून राहणे. सभा भरवणे. एखादी गोष्ट खरी मानणे. वचन पाळायला लावणे. मी ओटीच्या पायरीवर बसून ते वाचत होते. एका शब्दाच्या पोटात इतका संसार? आणि आईच्या हातून सगळं निसटताना राहून राहून हाच शब्द राहिला! पाणी राहिला असता, देव राहिला असता, नाही तर माझं नाव. आज इतकी वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवते. कोणी होल्डचा अर्थ विचारला की मी फळ्यावर दोन-तीन लिहिते आणि म्हणते, बाकीचे मोठेपणी कळतील.

मग माझा एक नादच झाला. आई कधी, कसं, कोणाला म्हणते ते ऐकायचं. अण्णा चिखलाच्या पायांनी आत आले की तो शब्द तुटक यायचा, दारातच अडवणारा. तुरीच्या डाळीचं पोतं आलं आणि मी डबा दाखवून विचारलं, ‘मावेल यात?’ तर तिने डब्याकडे बघून मान तिरकी केली आणि शब्दाचा शेवट वर नेला, म्हणजे बघ बाई, कठीण आहे. नाहीच मावली. एकदा आभाळ भरून आलं, शेवंती काढणीला आलेली, अण्णा मजूर बोलवायला निघाले. आई खिडकीतून बराच वेळ आभाळ बघत राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘होल्ड.’ अण्णा थांबले. खरंच पडला नाही पाऊस. आता हा योगायोग असेल, मी काही त्यावर पैज लावणार नाही. पण अण्णा तिला वरणभात भरवायचे, दोन घास झाल्यावर ती त्यांच्या मनगटावर डावा हात ठेवून जे होल्ड म्हणायची, ते मात्र शब्दकोशात कुठेच नव्हतं. ते ऐकलं की मी आपली उठून बाहेर जायची. तरीही माझ्या मनात एक भीती होतीच. हे सगळं मीच तर रचत नाही ना? आई नुसता आवाज काढतेय, आणि तिच्यावरच्या मायेने मीच त्यात अर्थ भरतेय, असं तर नाही ना? 

ताईला तर ते ऐकवतच नसे. माहेरी आली की उंबऱ्यातच तिचा चेहरा पडायचा. ताईचं नाव सुनंदा, पण आईने तिला ‘सुने’ या हाकेची सवय लावलेली. आता ती आईसमोर बसायची, आई तिच्या गालावरून हात फिरवत होल्ड, होल्ड म्हणायची, आणि ताई उठून मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. मला म्हणाली, ‘ती मला ओळखते का गं? खरं सांग.’ मी म्हटलं, ‘ओळखते.’ ती म्हणाली, ‘कशावरून?’  त्यानंतर तिच्या खेपा कमी झाल्या, आणि लवकरच निफाडहून गोड बातमी आली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. पण ताईला सातवा लागला तो नेमका द्राक्षांच्या हंगामात, आणि इकडे आमच्या घरात लेकीचं करणारी बाईच अशी. ताईच्या सासूबाईंनी अण्णांना फोन केला की बाळंतपण निफाडलाच करू, तुमची अडचण आम्हाला दिसते, मनाला लावून घेऊ नका. अण्णा फोनवर नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. आत्यानेही मान हलवली, ‘शानी बाई हाय.’ आई खुर्चीत बसून गजऱ्याचा दोरा सोडवत होती. ती म्हणाली, ‘होल्ड.’ अण्णांनी फोन ठेवला. ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी खुर्चीच्या दांडीवर हात आपटून. अण्णा म्हणाले, ‘अगं, ठरलंय आता. तुझ्याच्याने कसं व्हायचं?’ त्यावर आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आजारपणात ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा. तिला आपली लेक घरी पाहिजे होती, बस. आणि ही एवढी सरळ गोष्ट घरातल्या कोणालाच तिला विचारावीशी वाटली नव्हती.

एव्हाना ती काठीच्या आधाराने घरात फिरायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला त्याच काठीने ढोसून स्वयंपाकघरात नेलं आणि फडताळातली डिंकाची बरणी दाखवली. मग खारीक, मग खोबरं, मग तूप. बाळंतिणीचे लाडू! मी म्हटलं, ‘आई, ताई येणार नाहीये.’ तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती पाटावर बसली आणि मी स्टोव्हपाशी. डिंक तळणं हे मोठं नाजूक काम. तूप कमी तापलं तर खडा आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो, जास्त तापलं तर वरून करपतो. मी चिमूटभर डिंक टाकायला हात उचलला, तर मागून तुटक होल्ड. थांबले. तूप तापत होतं. मग तोच शब्द हलकासा, हनुवटी पुढे करून, म्हणजे आता. डिंक तडतडत फुलायला लागला, पांढराशुभ्र, मी झारा घातला, तर पुन्हा लांबवलेलं, राहू दे अजून. आणि शेवटी असं एक ठाम होल्ड की माझा हात आपोआपच उचलला गेला. झाऱ्यात सगळा डिंक लाहीसारखा फुललेला. एक खडा मोडून पाहिला, आत कच्चा कण नाही. मी तिच्याकडे वळून बघत राहिले. तिच्या वाकड्या तोंडावर कंपनीतलं ते जुनं हसू होतं, अवघड कॉल जोडून दिल्यावरचं. त्या घटकेला मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. पण माझ्या उत्तरावर ताई थोडीच घरी येणार होती.

लाडवांचा डबा भरून झाला आणि तसाच फडताळात बसून राहिला. एका सकाळी अण्णा फुलांच्या पाट्या घेऊन पंचवटीच्या बाजारात गेले होते, आत्या गंगेवर. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. मी मोरीत कपडे धूत होते. फोन वाजला. साबणाचे हात झटकत मी बाहेर येते तो काय, आई काठी टाकून कपाटाला टेकून उभी, आणि तिने डाव्या हाताने रिसीव्हर खाली ओढला होता. मी धावले. तिने रिसीव्हर कानाला लावला, पाठ ताठ केली आणि म्हणाली, ‘होल्ड.’

मी आहे तिथेच थांबले. तो आवाज मी विसरून गेले होते. आमच्याशी बोलताना तिला आमचे चेहरे दिसत, आमची कीव दिसे, आणि तिचा स्वर अडखळे. फोनवर तिला कोणी बघत नव्हतं. तो तोच आवाज होता, कंपनीतल्या मॅडमचा, गोड आणि रुबाबदार.

पलीकडे ताईच्या सासूबाई होत्या. त्यांचा आवाज असा की निफाडहून फोनशिवायही ऐकू आल्या असत्या, त्यामुळे मला काही कान लावावा लागला नाही.

‘कोन? सुनंदाच्या आई का?’

‘होल्ड,’ आई म्हणाली, अहो मीच, अशा सुरात.

‘अगं बया! बऱ्या झाल्या का तुम्ही?’

आई जराशी हसली. ‘होऽल्ड.’

मी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला. तिने माझ्याकडे डोळे वटारले आणि मी हात मागे घेतला.

‘बरं झालं तुम्हीच घावल्या,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी भाऊंना सांगनारच व्हते, ओटीला रविवारी या म्हनून. पन तुमच्याशीबी बोलायचं व्हतं. राग नका मानू बरं का बाई. हितं बागाची तोडनी चालू हाय, घरात मानसंच मानसं, पन पोरीकडं बघायला मी हाय. तुमचं दुखनं एवढं मोठं. म्हनून म्हनलं, हितंच करू समदं.’

  आई रिसीव्हर कानाला घट्ट लावून, डोळे मिटून ऐकत होती, आणि ते ऐकणं पलीकडे पोचत असावं.

‘हॅलो? हायत ना?’

‘होल्ड.’ आहे, बोला.

‘रागावल्या का?’

‘होल्ड,’ चटकन, छे हो, असं.

‘मग मला सांगा, पोरीला न्हाऊमाखू कोन घालनार? बाळाला पायावर कोन घेनार? तुमची धाकली लहान. तुमच्या ननंदबाईंचं वय झालं.’

आईने डोळे उघडले. आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, साबणाच्या हातांनी उभ्या असलेल्या माझ्याकडे. आणि मग तिने तो शब्द असा म्हटला की मी पुन्हा कधीच तसा ऐकला नाही. विनवणी नव्हती त्यात. मी सांभाळेन, असं ते होतं. बाई बाईला सांगते तसं.

 मग सासूबाई बोलल्या, आणि त्यांचा तो मोठा आवाज एवढासा झाला होता. ‘माझ्या येळेलाबी असंच केलं व्हतं बघा आमच्या सासूनं. उसाची तोड चालू व्हती. म्हनल्या, आता कुठं जातीस माहेराला, कामं पडल्यात. गोठ्याच्या खोलीत बाळंत झाले मी. आई माझी पाचव्या दिशी चालत आली, गाठोडं घेऊन. दारात बसून ऱ्हायली. आत घ्यायला कोन मोकळं नव्हतं. मला आतनं तिचा आवाज येत व्हता हो बाई, आन मला उठता येत नव्हतं.’

‘होल्ड,’ आई म्हणाली. हलकेच. आणि थोड्या वेळाने पुन्हा, ‘होल्ड.’

‘व्हय,’ सासूबाई म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. ‘व्हय, खरं हाय तुमचं.’

मग त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या. आपल्या आईचं, पहिल्या लेकीचं, ती कशी पिवळी पडली होती त्याचं, कोणापाशी बोलल्या नव्हत्या ते सगळं. आई मधूनमधून नेमक्या जागी आपला शब्द ठेवत होती. कधी ‘पुढे?’ असा, कधी ‘अरेरे’ असा, एकदा तर चक्क हसून, कारण सासूबाईंनी आपल्या नवऱ्याची काहीतरी फजिती सांगितली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या हातांवरचा साबण वाळून गेला होता. मी आयुष्यात पुष्कळ बोलणारी माणसं ऐकली, सभा गाजवणारे ऐकले, पण दोन माणसांमधलं इतकं पुरतं बोलणं मी त्यानंतर ऐकलं नाही. एकीकडे मराठी भाषा सगळीच्या सगळी होती, दुसरीकडे एक इंग्रजी क्रियापद होतं, आणि कोणाचंही काही अडत नव्हतं. मला त्या क्षणी आईच्या पाया पडावंसं वाटलं. पडले मात्र नाही, अकरावीतल्या मुली असल्या गोष्टी करत नाहीत.

‘ठेवू का मग?’ सासूबाई शेवटी म्हणाल्या.

‘होल्ड.’ ठेवा.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत आईने रिसीव्हर खाली ठेवला नाही. ऑपरेटरने आधी फोन ठेवायचा नसतो. मग ती खुर्चीत बसली, दमली होती खूप, घाम आला होता. मी विचारलं, ‘पाठवणार का ताईला?’ तिने डोळे मिटून घेतले. सासूबाई तसं स्पष्ट कुठेच म्हणाल्या नव्हत्या.

अण्णा आल्यावर मी सगळं सांगितलं, हातवारे करून, आवाज काढून. अण्णांनी आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. विश्वास ठेवावासा त्यांना वाटत होता, पण धीर होत नव्हता. आत्या म्हणाली, ‘पोरी, ती बाई आपली दया येऊन बोलली असंल. बोलनं म्हनत्यात का त्याला?’ निफाडला फोन करून विचारायची कोणाची हिंमत होईना. आईने मात्र त्या दिवसापासून आतली खोली झाडून घ्यायला लावली, बाज उन्हात टाकायला लावली, जुनी लुगडी धुऊन दुपट्टी काढायला लावली. आत्या कुरकुरत का होईना, करत होती. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. निफाडला ओटीला जायचा रविवार जवळ येत होता. ताई आली नाही, तर हे सगळं आवरताना आईच्या तोंडाकडे कोण बघणार?

शनिवारी दुपारी दारात जीप थांबली. आधी सासूबाई उतरल्या, थोराड, डोक्यावर पदर, हातात द्राक्षांची करंडी. मग जावई पिशव्या घेऊन. आणि मग, कंबरेवर हात ठेवून, सावकाश, ताई. अण्णा ओटीवरून धावत खाली गेले आणि तिथे जाऊन काय करायचं ते न सुचून नुसते उभे राहिले. ‘ओटी हितंच भरू म्हनलं,’ सासूबाई म्हणाल्या, ‘पोरीला दोनदा कशाला हालवायचं. आता बाळ सव्वा महिन्याचं झालं की न्यायला येते.’

सगळे ओटीवर बसले. आई आत होती, पाहुणे येणार हे ठाऊक असल्यासारखी सकाळपासून खसखशीच्या खिरीपाशी, मला जवळ येऊ देत नव्हती. ताई भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा उतरलेला होता, ती आतल्या दाराकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. मला कळत होतं, तिला आत जायची भीती वाटतेय. आत्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाली, ‘विहीनबाई, आमच्या वहिनीचं तुम्हाला म्हाईतच हाय. एकच शब्द येतो बिचारीला. काय बोलली, नाय बोलली, तर मनावर घेऊ नका.’

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि आत्याकडे नवलाने पाहिलं. ‘एकच?’ त्या म्हणाल्या. ‘सुनंदाबी म्हनली व्हती खरं तसं. पन मला नाय वाटलं. परवा केवढा येळ बोलत व्हतो आम्ही. लय चांगलं बोलत्यात त्या. पोरीला धाडा म्हनून त्यांनीच तर सांगितलं मला.’

 अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्याचं तोंड उघडं राहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तेवढ्यात आतून, भांड्यावर डाव ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

‘होल्ड!’

आमच्यापैकी कोणी हललं नाही. ताई तर श्वासही घेत नव्हती. सासूबाईंनी वळून तिच्या गुडघ्यावर थापटी मारली.

‘ऊठ गं सुनंदा. ऐकू नाय आलं का? आई बोलवती.’